एसीएल फाटल्यापासून परत मैदानात उतरेपर्यंत: काय आधी, काय नंतर आणि पोरं नेमकी कुठे चुकतात

"सर्जरीला सहा महिने झाले, आता दुखत पण नाही, खेळू का?" हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो, कबड्डीवाल्या पोरांकडून जास्त, फुटबॉलवाल्यांकडून थोडा कमी, आणि हल्ली पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांकडूनसुद्धा. मी दरवेळी उलट विचारतो की ऑपरेशनच्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या किती टक्के आहे, आणि तिथे समोरचा गप्प होतो, कारण ती कुणी मोजलेलीच नसते.

मी डॉक्टर नाही, फिजिओ पण नाही. स्वतःचा डावा गुडघा कबड्डीत घालवलेला, तो दुरुस्त करताना जेवढ्या चुका करता येतात त्यातल्या बऱ्याचशा केलेला, आणि आता मंडळातला कुणी पोरगा पडला की त्याच्यासोबत हॉस्पिटलात बसणारा माणूस आहे. त्यामुळे इथलं काहीही तुमच्या सर्जनच्या आणि फिजिओच्या शब्दाच्या वर नाही. पण त्यांना काय विचारायचं आणि कुठे थांबायचं हे आधीच माहीत असलं की निम्मे घोळ टळतात.

एकच गोष्ट डोक्यात ठेवून वाचा. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी एक फाटक आहे. महिने भरले म्हणजे तुम्ही फाटकापर्यंत पोचलात एवढंच, ते उघडतं टेस्ट पास झाल्यावर. दोन्ही लागतं.

१. पहिले ४८ तास: मैदानावर आणि घरी

एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आतला दोरखंड, हाडांना बांधून ठेवणारं लिगामेंट, नडगीचं हाड पुढे सरकू नये आणि गुडघा पिळला जाऊ नये म्हणून असलेला. तो बहुतेक वेळा कुणी धडकल्यामुळे नाही तर आपला आपणच फाटतो. चढाईत एकदम दिशा बदलली, उडी मारून एका पायावर उतरलो, पाय मॅटवर चिकटला आणि अंग वळलं, बस. कट् असा आवाज येतो किंवा आतून जाणवतो, आणि दोन-चार तासांत गुडघा नारळासारखा सुजतो. ही सूज म्हणजे सांध्यात साचलेलं रक्त असतं. साधा मुरगळलेला गुडघा इतक्या लवकर इतका सुजत नाही, त्यामुळे आवाज आणि झटपट सूज दोन्ही असेल तर तपासणी होईपर्यंत एसीएल गेलंय असंच धरून चाला.

काय करायचं: खेळ तिथेच बंद. फडक्यात गुंडाळून बर्फ १५-२० मिनिटं, दोन-तीन तासांनी परत. क्रेप बँडेज, पाय उशीवर उंच, चालताना कुबड्या.

काय नाही करायचं: मालिश, गरम शेक, आणि "बसवून देतो" म्हणणाऱ्याकडे जाऊन गुडघा ओढून घेणं. माझा पाय पहिल्या रात्री कोमट तेलाने चांगला अर्धा तास चोळला होता, प्रेमाने चोळला होता, आणि सकाळी पँट चढेना. आमच्याकडे हळदीचा लेप पण असतो, त्याने नुकसान काही नाही, पण त्याच्या नादात डॉक्टर चार दिवस लांबतो.

थांबा: पाऊल गार पडलं, बधिर झालं, गुडघा उघड वाकडा दिसतोय, तर बर्फबिर्फ सोडून सरळ इमर्जन्सीला. चार पावलं सुद्धा टाकता येत नसतील तर त्याच दिवशी एक्सरे. गुडघा एका जागी अडकलाय, सरळच होत नाही, तर मेनिस्कस म्हणजे आतली गादी फाटून मध्ये घुसलेली असू शकते, आणि तिथे "बघू पुढच्या आठवड्यात" चालत नाही.

२. निदान: रिपोर्टच्या आधी हात

पोरं थेट एमआरआय काढतात आणि रिपोर्टचा फोटो ग्रुपवर टाकतात. क्रम उलटा आहे. आधी गुडघ्याचं काम करणाऱ्या ऑर्थोपेडिक सर्जनने हाताने तपासायचं. लॅकमन टेस्ट म्हणजे गुडघा थोडा वाकवून नडगी पुढे ओढून बघतात, शेवटाला टणक अडकतं की ढिलं जातं ते. ताज्या सुजेत आणि दुखण्यात मांडीचे स्नायू आखडलेले असतात म्हणून ही टेस्ट फसवी येऊ शकते, तेव्हा पहिल्या दिवशी "ठीक वाटतंय" म्हटलं असेल तर आठ-दहा दिवसांनी सूज उतरल्यावर परत तपासून घ्या. हे दुसऱ्यांदा जाणं जवळपास कुणीच करत नाही.

एमआरआय तरीही लागतो, मुख्य कारण मेनिस्कस, बाकीची लिगामेंट आणि हाडाचा मार. रिपोर्टमध्ये "पार्शियल टियर" लिहिलं म्हणून खूश होऊ नका आणि "कम्प्लीट" वाचून रडू नका. गुडघा हातात ढिला लागतोय का आणि चालताना-वळताना सटकतोय का, हे कागदापेक्षा महत्त्वाचं.

आणि आता सगळ्यात मोठा सापळा. दोन-तीन आठवड्यांत सूज जाते, दुखणं जातं, माणूस नीट चालतो, जिना चढतो, गाडी चालवतो. मग त्याला वाटतं बरं झालं, आणि तो संध्याकाळी मैदानात जातो आणि तिसऱ्या चढाईत गुडघा सटकतो. असं प्रत्येक सटकणं मेनिस्कसला चावा घेतं. एसीएल नवीन बसवता येतं, घासून गेलेली गादी आणि कूर्चा तशी परत मिळत नाही. निर्णय होईपर्यंत वळणं, उडी, झटापट बंद म्हणजे बंद.

३. ऑपरेशन करायचं की नाही

इथे दोन टोकं आहेत. एक म्हणतो फाटलं की उद्याच कापा, दुसरा म्हणतो व्यायामाने सगळं होतं. दोघांनाही अभ्यासातून थोडा थोडा आधार मिळतो, म्हणून नीट बघू.

स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळत्या माणसांवर एक अभ्यास झाला, २०१० मध्ये छापून आला. अर्ध्यांना लवकर ऑपरेशन आणि व्यायाम, उरलेल्यांना आधी फक्त व्यायाम आणि गरज पडली तरच नंतर ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. हे वाचून लोक उड्या मारतात, पण पुढचं वाचत नाहीत. व्यायामवाल्या ५९ जणांपैकी २३ जणांनी दोन वर्षांत आणि एकूण ३० जणांनी पाच वर्षांत ऑपरेशन करून घेतलंच, म्हणजे निम्मे. आणि व्यावसायिक खेळाडू त्या अभ्यासात घेतलेलेच नव्हते. नंतर २०२२ मध्ये ब्रिटनमधला ३१६ जणांचा अभ्यास आला, त्यात दुखापत जुनी झालेली आणि गुडघा सटकत राहणारी माणसं होती, आणि तिथे ऑपरेशनवाला गट पुढे राहिला.

यातून मी जे समजलो ते असं: सायकल, पोहणं, सरळ रेषेत पळणं, ऑफिस, एवढंच असेल आणि गुडघा सटकत नसेल तर तीन महिने मन लावून व्यायाम करून बघण्यात काही गमवत नाही. कबड्डी, कुस्ती, फुटबॉल, खो-खो, बास्केटबॉल परत स्पर्धेत खेळायचंय, किंवा रोजच्या चालण्यात पण सटकतोय, किंवा शिवण्यासारखा मेनिस्कस फाटलाय, तर ऑपरेशनकडे झुकायचं. हाडं अजून वाढतायत अशा शाळकरी मुलांचं गणित वेगळं असतं, त्यांना लहान मुलांच्या गुडघ्यांचा अनुभव असलेला सर्जनच दाखवा.

एक मात्र लिहून ठेवा. ऑपरेशन टाळलं म्हणून पुढचे व्यायामाचे टप्पे टळत नाहीत. ऑपरेशनचे तेवढे दोन आठवडे वाचतात, बाकी सगळं तेच.

४. ऑपरेशनच्या आधीची तयारी, जी सगळे गाळतात

सर्वात जास्त फायदा इथे आहे आणि सर्वात कमी लोक इथे थांबतात. "सुट्टी मंजूर झालीये, उरकून टाकू." सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर घाईने ऑपरेशन केलं तर नंतर तो कडक राहण्याचा धोका वाढतो. आणि नॉर्वेमधल्या अभ्यासात दिसलं की मांडीच्या पुढच्या स्नायूची, म्हणजे क्वाड्रिसेप्सची ताकद ऑपरेशनआधीच दुसऱ्या पायापेक्षा २० टक्क्यांहून जास्त कमी असेल, तर असे पेशंट दोन वर्षांनीही मागेच राहतात. म्हणजे ऑपरेशनच्या टेबलावर जाण्याआधीच निकाल थोडा ठरलेला असतो.

साधारण तीन ते सहा आठवडे द्या. फिजिओच्या देखरेखीखाली गुडघा पूर्ण सरळ करणं, सूज घालवणं, स्थिर सायकल, बसून-उठून, लेग प्रेस, पाय सरळ उचलणं, ब्रिज.

फाटक, ऑपरेशनच्या तारखेआधी:
- सूज जवळपास नाही
- गुडघा चांगल्या पायाइतकाच सरळ होतो
- लंगडत नाही
- झोपून सरळ पाय उचलताना गुडघा जराही वाकत नाही
- क्वाड्रिसेप्सची ताकद चांगल्या पायाच्या ८० टक्क्यांच्या वर

"मग विनेश फोगाटचं कसं?" हा प्रश्न येतोच. तिने स्वतःच जाहीर केलं होतं, १३ ऑगस्ट २०२३ ला सरावात डावा गुडघा गेला आणि १७ ला मुंबईत सर्जरी. हो, असं होतं कधी कधी. पण तिच्या मागे दिवसभर तिलाच बघणारी टीम होती आणि समोर ऑलिम्पिकची तारीख. तुमच्या-माझ्याकडे दोन्ही नाही. आपल्यासाठी घाईची खरी कारणं म्हणजे अडकलेला गुडघा, शिवता येईल असा मेनिस्कस किंवा एकाहून जास्त लिगामेंट तुटलेली, आणि ते सर्जन सांगतो.

एक युक्ती सांगतो जी मला फार उशिरा कळली. ऑपरेशनच्या आधी चांगल्या पायाची ताकद मोजून लिहून ठेवा. नंतर सगळी तुलना दुसऱ्या पायाशीच होते, आणि सहा-आठ महिने न खेळल्याने तो दुसरा पायही वाळलेला असतो. दोन कमजोर पाय सारखे दिसले की कागदावर ९५ टक्के येतात आणि आपण पेढे वाटतो.

सर्जनला विचारायचे प्रश्न वहीत लिहून न्या, ओपीडीत आठवत नाहीत:

ग्राफ्ट कुठून घेणार? लोक म्हणतात "लिगामेंट शिवलं", पण बहुतेक वेळा शिवत नाहीत, शरीरातलीच दुसरी शीर (म्हणजे टेंडन, रक्ताची नस नव्हे) काढून हाडात बोगदे करून नवीन दोरखंड बसवतात. मांडीच्या मागून घेतली तर हॅमस्ट्रिंगची ताकद परत आणायला वेळ लागतो, धावपटूंना ते जाणवतं. वाटीखालच्या शिरेतून घेतली तर गुडघा टेकवताना दुखू शकतं, आणि कुस्तीत, कबड्डीत गुडघे टेकल्याशिवाय दिवस जात नाही. वाटीच्या वरची क्वाड्रिसेप्सची शीर हा तिसरा पर्याय, आणि आपल्याकडे घोट्याच्या बाजूची पेरोनियस लाँगस पण बरेच सर्जन वापरतात. मृत दात्याकडून मिळालेला ग्राफ्ट तरुण खेळाडूंमध्ये जास्त तुटतो, त्याबद्दल खास विचारा.

जाडी किती येईल, आणि बाहेरच्या बाजूने जादा आधार घालणार का? २०२० मध्ये आलेल्या एका अभ्यासात २५ वर्षांपर्यंतच्या ६१८ जणांमध्ये हॅमस्ट्रिंग ग्राफ्टसोबत बाहेरून जादा पट्टी बसवल्यावर दोन वर्षांत ग्राफ्ट तुटण्याचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आलं. सगळ्यांना लागत नाही, पण वय कमी, गुडघा खूप ढिला आणि खेळ वळणावळणाचा असेल तर हा प्रश्न विचारायलाच हवा.

मेनिस्कस शिवणार की काढणार? शिवला तर वजन टाकणं आणि वाकवणं काही आठवडे मर्यादित राहतं, आणि खालचं अर्ध वेळापत्रक बदलतं.

विमा असेल तर इम्प्लांटचा खर्च त्यात धरलाय का हे ॲडमिट होण्याआधी लेखी घ्या. फिजिओचे महिने बहुतेकदा धरलेले नसतात, आणि पोरं पैसे संपले म्हणून तिसऱ्या महिन्यात फिजिओ सोडतात. बजेट करताना ऑपरेशनच्या आकड्याशेजारी नऊ महिन्यांच्या व्यायामाचा आकडा लिहा.

५. पहिले दोन आठवडे

या दिवसांत चार कामं: सूज कमी, गुडघा पूर्ण सरळ, मांडी जागी करणं, जखम कोरडी.

उशी गुडघ्याखाली ठेवू नका. आई ठेवते, मावशी ठेवते, वॉर्डमधली शेजारची पेशंट सुद्धा सांगते "ठेव रे, बरं वाटेल", आणि खरंच बरं वाटतं, कारण वाकलेला गुडघा कमी दुखतो. पण तसाच राहिला तर तो पुढे सरळ होत नाही आणि मग लंगड जात नाही. उशी टाचेखाली, गुडघा अधांतरी, दिवसातून पाच-सहा वेळा दहा-दहा मिनिटं.

मांडी आवळणं दर तासाला. पहिल्या दिवशी स्नायू हुकूमच ऐकत नाही, बघत राहतो आणि काही हलत नाही, घाबरू नका, सुजेमुळे तो झोपलेला असतो. वाटी बोटांनी वर-खाली, डावी-उजवी हलवायची, फिजिओ दाखवेल. पावलं वर-खाली हलवत राहायचं म्हणजे पोटरीत रक्त साचत नाही. कुबड्या कधी सोडायच्या? लंगडल्याशिवाय चालता आलं की. चौथ्या दिवशी हिरो बनून सोडल्या तर लंगडत चालायची सवय लागते आणि ती मोडायला महिना जातो.

घरातली तयारी आधीच करा: कमोड नसेल तर कमोडची खुर्ची, बाथरूममध्ये स्टूल आणि घसरणार नाही अशी चटई. मांडी घालून जेवायला बसणं आणि उकिडवं बसणं फिजिओ हो म्हणेपर्यंत बंद.

थांबा: पोटरी दुखते, कडक आणि गरम लागते, अचानक धाप लागते किंवा छातीत दुखतं, ताप आणि वाढती सूज, जखमेतून पाणी येतंय. यात सकाळची वाट बघायची नाही.

फाटक: गुडघा शून्यापर्यंत सरळ, ९० अंशांच्या आसपास वाकतो, सरळ पाय उचलता येतो. सरळ होण्यात चौथ्या-पाचव्या आठवड्यातही कमी राहत असेल तर "होईल हळूहळू" ऐकू नका, सर्जनला दाखवा, पुढून आत गाठ तयार होऊन अडथळा येऊ शकतो.

६. दोन आठवडे ते तीन महिने: बरं वाटण्याचा काळ

माझ्या मते सगळ्या प्रकरणात धोकादायक काळ हाच. कारण सांगतो. बसवलेली शीर लगेच लिगामेंट होत नाही. आधी तिच्यातल्या जुन्या पेशी मरतात, मग नवीन रक्तपुरवठा येतो, मग ती हळूहळू बदलते, आणि या उलथापालथीत साधारण सहा ते बारा आठवड्यांच्या दरम्यान ती सगळ्यात अशक्त असते. नेमकं त्याच वेळी दुखणं गेलेलं असतं आणि चाल सुधारलेली असते. बाहेरून एकदम मस्त, आतून एकदम कच्चं.

मी नवव्या आठवड्यात विसर्जनाच्या मिरवणुकीत "फक्त दोन मिनिटं" नाचलो. ग्राफ्ट वाचला, नशीब. पण गुडघा तीन आठवडे सुजलेला राहिला आणि फिजिओने मला ज्या नजरेने बघितलं ती नजर अजून आठवते.

या काळात स्थिर सायकल, लेग प्रेस, छोटी स्क्वॉट, पायरीवर चढणं-उतरणं, ब्रिज, पोटरी, कंबरेचे व्यायाम, एका पायावर तोल. हॅमस्ट्रिंगमधून ग्राफ्ट घेतला असेल तर मांडीच्या मागच्या वेगळ्या वजनाच्या व्यायामाची घाई नको, तिथली जखम भरायची असते. लेग एक्स्टेन्शन मशीनवरून (खुर्चीत बसून गुडघा सरळ करत वजन उचलायचं ते) जिममध्ये भांडणं होतात, कुणी म्हणतो आयुष्यात करू नको, कुणी पहिल्याच महिन्यात पूर्ण करायला लावतो. आजची समजूत मधली आहे: मर्यादित कोनात, साधारण ९० ते ४५ अंशांत, हलक्याने सुरू आणि टप्प्याटप्प्याने वाढवत, पण कधी आणि किती हे ग्राफ्टवर ठरतं म्हणून फिजिओच्या डोळ्यासमोर. अजिबात न करणं पण चूकच, कारण क्वाड्रिसेप्सला वेगळं काम दिलं नाही तर स्क्वॉटमध्ये दुसरा पाय आणि कंबर गुपचूप ओझं उचलतात.

रोजची तपासणी, सकाळी अंथरुणातच: गुडघ्याच्या आतल्या बाजूने तळहाताने वर पुसत जा, मग बाहेरच्या बाजूने वरून खाली पुसा, आणि आतल्या बाजूला पाण्याची लाट फुगून येते का बघा. आली तर कालचा व्यायाम जास्त झाला, आज कमी. दुखणं दहापैकी तीन-चारच्या वर आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकतंय, तरी तेच. वजन वाढवायचं की नाही हे इन्स्टाग्रामच्या रीलवरून नाही तर या लाटेवरून ठरवा.

७. पळायला कधी

बारा आठवड्यांच्या आधी नाही, आणि बारा झाले म्हणून पण नाही.

फाटक: सूज नाही, गुडघा पूर्ण सरळ आणि जवळपास पूर्ण वाकतो, क्वाड्रिसेप्स चांगल्या पायाच्या ७० टक्क्यांच्या वर, एका पायावर दहा स्क्वॉट गुडघा आत न पडता, जागच्या जागी छोट्या उड्या दुखल्याशिवाय.

एक मिनिट पळणं, एक मिनिट चालणं, असं दहा वेळा, एक दिवसाआड, सपाट मातीवर. घाटाचा उतार आणि डांबरी रस्ता नंतर. भरतीवाल्यांनो, स्टॉपवॉच घरी ठेवा, सोळाशे मीटरची वेळ लावायची ही जागा नव्हे.

८. उडी, उतरणं, वळणं

साधारण पाचव्या महिन्यापासून पुढे. पोरं इथे उड्या किती उंच ते बघतात, बघायचं असतं उतरणं कसं ते. मोबाईल समोर जमिनीवर ठेवून स्लो मोशनमध्ये शूट करा. गुडघा आत पडतोय? पाय काठीसारखा सरळ ठेवून धपकन उतरताय? सगळं वजन चांगल्या पायावर? व्हिडिओ खोटं बोलत नाही, मित्र बोलतात.

क्रम: दोन पायांवर उतरणं, मग एक पाय. जागच्या उड्या, मग पुढे, मग बाजूला. सरळ पळून थांबणं, मग वेग कमी करून वळणं, मग वेगात वळणं. आधी ठरवून वळणं, मग कुणीतरी ऐन वेळी हात दाखवेल त्या दिशेला. हा शेवटचा प्रकार गाळू नका, कारण मैदानात विचार करून कुणी वळत नाही.

कबड्डीवाल्यांसाठी मी लावलेला क्रम असा: रिकाम्या मैदानात चढाईची पावलं, मग समोर बचावपटू उभे पण हात न लावता, मग बोनसचा पाय, मग हलकी झटापट, मग पकड, आणि सगळ्यात शेवटी घोट्याला धरणारी अँकल होल्ड, स्वतःवर लावून घेणं पण आणि स्वतः मारणं पण. मॅटवर बूट घट्ट पकडतात, पाऊल फिरत नाही आणि पीळ गुडघ्यात जातो, म्हणून मॅट नंतर. कुस्तीवाल्यांनी पट काढायचा सराव आधी डमीवर. आणि हे सगळं थकलेल्या पायांनी पण एकदा करून बघा, कारण मॅचच्या शेवटच्या पाच मिनिटांतले पाय वेगळे असतात.

९. परत खेळण्याची परीक्षा

आता तो सहा महिन्यांचा प्रश्न. २०१६ मध्ये नॉर्वे आणि अमेरिकेतल्या मंडळींनी १०६ जणांचा पाठपुरावा छापला. नवव्या महिन्यापर्यंत परतणं जितकं पुढे ढकललं, तितकं दर महिन्याला परत दुखापत होण्याचं प्रमाण साधारण निम्म्याने कमी झालं. आणि टेस्ट पास न होता वळणाच्या खेळात परतलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना परत दुखापत झाली, पास होऊन परतलेल्यांपैकी ६ टक्क्यांहूनही कमी जणांना. त्याच वर्षी कतारमधल्या अभ्यासातही दिसलं की ठरलेल्या टेस्ट पूर्ण न करता परतलेल्या व्यावसायिक खेळाडूंमध्ये ग्राफ्ट तुटण्याचा धोका चौपट होता. पंचविशीच्या आतले जे खेळात परततात त्यांच्यात साधारण चौघांतल्या एकाचा, तोच नाहीतर दुसरा, गुडघा परत जातो. दुसरा पण, हे लक्षात घ्या.

फाटक: कमीत कमी नऊ महिने, आणि त्यासोबत
- क्वाड्रिसेप्स आणि हॅमस्ट्रिंग दोन्ही ९० टक्क्यांच्या वर, तुलना ऑपरेशनआधी लिहून ठेवलेल्या आकड्याशी
- एका पायाच्या उड्या: एक, सलग तीन, तिरक्या तीन, आणि सहा मीटर वेळ लावून, सगळ्या ९० टक्क्यांच्या वर
- दिशा बदलायची टेस्ट, व्हिडिओसकट
- सूज नाही, सटकणं नाही
- मन तयार

ताकद मोजायला आयसोकायनेटिक मशीन सगळीकडे नसतं. नसेल तर फिजिओकडे हातात धरायचं डायनॅमोमीटर असतं, तेही नसेल तर जिमच्या लेग एक्स्टेन्शनवर फिजिओसमोर एकेका पायाने किती वजन उचलतं ते. "हात लावून बघितलं, चांगली आहे" हे मोजमाप नाही. आणि फक्त उडीच्या अंतरावर जाऊ नका, माणूस कंबर आणि घोट्याच्या जोरावर लांब उडी मारतो आणि गुडघा मागे बसून राहतो, म्हणून ताकद वेगळी मोजायचीच.

मनाचं लोक हसण्यावारी नेतात. ६९ अभ्यास एकत्र करून २०१४ मध्ये जे आकडे आले त्यात ८१ टक्के लोक कुठल्यातरी खेळात परतले पण स्पर्धेच्या पातळीवर फक्त ५५ टक्के. सगळ्यांचे गुडघे खराब नव्हते, बऱ्याच जणांना भीती होती. भीती असेल तर फिजिओला सांगा, त्यासाठी प्रश्नावली असते आणि भीतीवर काम करता येतं. भीती दाबून मैदानात गेलेला खेळाडू वळताना अर्धा क्षण थांबतो, आणि तेवढ्यात समोरचे तिघं अंगावर आलेले असतात.

ऋषभ पंतचा अपघात ३० डिसेंबर २०२२ चा आणि तो परत खेळला मार्च २०२४ मध्ये. त्याची दुखापत एसीएलपेक्षा बरीच मोठी होती, पण देशातला उत्तम इलाज हाताशी असलेला माणूस जवळपास पंधरा महिने घेतो, आणि आमच्या मंडळाचा प्रशिक्षक पाचव्या महिन्यात विचारतो "जिल्हा स्पर्धेला घेऊ का याला?" प्रशिक्षकाला टेस्टचा कागद दाखवा, तोंडी वाद घालू नका.

१०. पास झाल्यावरचे पहिले आठवडे

पास म्हणजे थेट फायनल नाही. आधी दोन-तीन आठवडे पूर्ण सराव झटापटीसकट, मग मैत्रीपूर्ण सामन्यात दहा मिनिटं, मग अर्धा सामना, मग पूर्ण. सलग दोन दिवस सामने असतील तर पहिल्या महिन्यात एकच खेळा, गावच्या स्पर्धेत एका दिवसात चार सामने असतात तिथे तर अजिबात नाही म्हणायला शिका.

ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोनदा चालूच, दोन्ही पायांचे. वॉर्मअप म्हणून फिफाचा ११ प्लस हा वीस मिनिटांचा कार्यक्रम फुकट मिळतो, तो फुटबॉलसाठी केलाय पण उतरणं, वळणं, तोल हे सगळ्यांना लागतं, पूर्ण संघाने करा म्हणजे पुढचा पोरगा वाचेल.

एक फाईल ठेवा: ऑपरेशनची नोंद, ग्राफ्ट कुठला आणि किती मिलिमीटर, मेनिस्कसचं काय केलं, सगळ्या टेस्टचे आकडे. कधी परत काही झालं तर नवीन डॉक्टर हेच पहिल्यांदा विचारतो.

आणि पहिल्या पूर्ण सामन्यानंतरच्या सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी, ती पुसण्याची टेस्ट करा. लाट आली तर दोन दिवस सायकल आणि मांडीचे हलके व्यायाम. नाही आली तर संध्याकाळी सरावाला जा.